त्यानं दोनदा सांगितलं होतं

मी सैन्यात डॉक्टर म्हणून रुजू झालो ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. दौंडच्या आमच्या गल्लीतून अधिकारी झालेला मी पहिलाच. वडील रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर. आम्ही भावंडं त्यांना आप्पा म्हणायचो. बुद्धविहाराच्या मागं आमचं दोन खोल्यांचं घर होतं. कॅप्टनचा गणवेश घालून मी पहिल्यांदा सुट्टीवर आलो, तेव्हा आईनं मला तसाच शेजारच्या सात-आठ घरांत फिरवून आणलं. खांद्यावरचे तीन तारे कुणी विचारायच्या आत ती बोट लावून दाखवायची. मी हसून 'पुरे गं' म्हणायचो, पण मनातून मला ते हवं असायचं. त्या ताऱ्यांचं मला फार अप्रूप होतं, हे आधीच कबूल केलेलं बरं.

दोन-तीन वर्षांनी माझी बदली सीमेजवळच्या एका लहान लष्करी रुग्णालयात झाली. तिथं माझ्या हाताखाली एक नर्सिंग असिस्टंट होता. हुद्द्यानं नाईक, वयानं माझ्याहून थोडा मोठा, अंगानं सडपातळ, हात मात्र विलक्षण हलका. थंडीनं शिरा आत ओढलेल्या जवानालासुद्धा तो एका टोचणीत सलाईन लावायचा. त्याचं गाव मांडवगण फराटा. दौंडहून भीमा ओलांडली की शिरूर तालुक्यातलं ते गाव. माझ्या आजीचं माहेरही तेच. घरापासून इतक्या लांब आपल्या भागातला माणूस भेटल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही. आम्ही दोघंच असलो की मराठीत बोलायचो, उसाचं, पुराचं, दौंडच्या फलाटावरच्या भज्यांचं. मात्र चार माणसांत तो मराठीत बोलला की मला अवघडल्यासारखं व्हायचं. तो मला साहेब म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायचो. सैन्यात ते तसंच असतं.

एके दिवशी सकाळी आजारी जवानांची रांग दारापर्यंत गेली होती. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांची तपासणी होती, त्यामुळं सगळेच घाईत होते. एक तरुण जवान पायाच्या जखमेत पू झाला म्हणून आला. मी पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहिलं. लिहिताना नेहमीच्या सवयीनं पुढं 'चाचणी करून द्यावे' असंही लिहिलं. म्हणजे आधी कातडीत थेंबभर औषध टोचायचं, थांबून बघायचं, काही झालं नाही तरच पुरा डोस. कागद त्याच्या हातात दिला आणि तोंडानं म्हणालो, "चाचणी वगैरे करत बसू नको, रांग बघ केवढी आहे. देऊन टाक."

तो दोन मिनिटांनी परत आला. माझ्याभोवती सहा-सात जवान उभे होते. तो वाकून हळूच मराठीत म्हणाला, "साहेब, मागं एकदा सुई घेतल्यावर ह्याच्या अंगभर गांधी उठल्या व्हत्या म्हणतोय."

"कसली सुई?"

"ते त्याला सांगता येत न्हाई."

"मग? गांधी काय डासानंही उठतात. दे."

तो गेला आणि पुन्हा आला. या वेळी सावधान उभा राहून हिंदीत म्हणाला, "सर, टेस्ट कर लें? पंद्रह मिनट."

सगळे बघत होते. माझा पारा चढला. "डॉक्टर कोण आहे इथं? तू का मी?"

"आप, सर," तो म्हणाला, आणि गेला.

पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि तो 'साहेब!' म्हणून ओरडला. मी पळत गेलो. जवानाचे ओठ सुजून निळे पडले होते, नाडी लागत नव्हती. मी पोहोचायच्या आत नाईकानं अशा वेळी द्यायचं ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून ठेवलं होतं. पुढचा तास-दीड तास आम्ही दोघं त्या पोरासाठी झगडलो. तो वाचला. मोठ्या रुग्णालयात हलवला, दहाएक दिवसांनी आपल्या पायांनी चालत युनिटला परत गेला. आज विचार करतो तेव्हा वाटतं, तो वाचला यातला निम्म्याहून जास्त वाटा त्या भरून ठेवलेल्या सिरिंजचा होता.

मग चौकशी बसली. टेबलामागं तीन अधिकारी, समोर मी खुर्चीवर आणि तो नाईक उभा. कागद माझ्या बाजूनं होता: 'चाचणी करून द्यावे', खाली माझी सही. त्याला विचारलं, चाचणी का केली नाही? तो म्हणाला, साहेबांनी तोंडी सांगितलं, नको. आधी गांधी उठल्या होत्या हेही मी सांगितलं होतं, दोन वेळा बोललो. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. "असं काही त्यानं तुम्हाला सांगितलं होतं का, कॅप्टन?"

मी म्हणालो, "सर, मला आठवत नाही."

मला आठवत होतं. त्याचे शब्द, त्याचं वाकणं, बाजूला उभ्या असलेल्या एका जवानाच्या मफलरचा रंगसुद्धा आठवत होता. तो समोरच्या भिंतीकडं बघत उभा राहिला. माझ्याकडं त्यानं एकदाही मान वळवली नाही.

त्याच्या कागदपत्रांत लाल शाईची, म्हणजे शिक्षेची, नोंद झाली. सैन्यात या नोंदीला फार वजन असतं. त्याची हवालदारकीची बढती तिथंच थांबली. थोड्याच दिवसांत त्याची दुसरीकडं बदली झाली. जाताना तो माझ्या खोलीच्या दारात येऊन सॅल्यूट करून गेला. मीही केला.

पुढं मी भूलशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलं, मेजर झालो, लग्न झालं, मुलगी झाली. ते प्रकरण मी विसरलो नव्हतो, पण त्याच्या जवळून जायचं टाळत होतो. कुणी मांडवगण म्हटलं की विषय बदलायचो.

दोन हजारच्या दशकाच्या मध्याला आमच्या रुग्णालयात डॉक्टरांसाठी दोन दिवसांचं एक प्रशिक्षण ठेवलं होतं. विषय असा की ऑपरेशन थिएटरमध्ये, वॉर्डात सगळ्यांनी मिळून काम कसं करायचं आणि रुग्णाला आपल्याच हातून इजा होऊ नये म्हणून काय करायचं. आम्ही सगळे कुरकुरतच गेलो. बारा-पंधरा वर्षं नोकरी केलेल्यांना मिळून काम करायला कोण शिकवणार? शिकवायला नर्सिंग सेवेतल्या एक वयस्कर लेफ्टनंट कर्नल मॅडम होत्या. आवाज शांत, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी पहिल्यांदा एक छापील कागद वाटला. त्यात प्रश्न होते. त्यातला एक: तुमच्या हाताखालचा माणूस तुमची चूक तुम्हाला न घाबरता दाखवू शकतो का? बहुतेक सगळ्यांनी 'हो' वर खूण केली. मीही केली.

दुपारी मॅडमनी सांगितलं की हाच कागद त्यांनी आदल्या आठवड्यात आमच्याच सिस्टर्सना आणि नर्सिंग असिस्टंटना दिला होता, नावं न लिहिता. त्यांची उत्तरं त्यांनी फळ्यावर आमच्या उत्तरांशेजारी मांडली. दोन्ही रकाने बघून कुणाला वाटलं नसतं की ही एकाच इमारतीत काम करणारी माणसं आहेत. एक सर्जन म्हणाले, "ही पोरं उगाच घाबरतात, मॅडम." मॅडम म्हणाल्या, "ते उगाच आहे का, ते उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हुद्दे उलटे केले. एका तरुण नर्सिंग असिस्टंटला सर्जन केलं आणि मला त्याचा मदतनीस. प्लास्टिकच्या पुतळ्यावर खोटं ऑपरेशन. मला चिठ्ठी दिली होती: सर्जन चुकीच्या बाजूला चिरा देणार आहे, त्याला थांबवा. सोपं होतं. सगळं खोटं होतं हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "सर, बाजू एकदा बघायची का?" तो पोरगा शिकवल्याप्रमाणं माझ्यावर खेकसला, "काम कर आपलं!" सगळे हसले. आणि माझा आवाज बंद झाला. तोंड उघडत होतं, शब्द येत नव्हता. पुतळ्यावर चुकीच्या बाजूला रेघ ओढली गेली आणि मी बघत राहिलो.

मॅडमनी मला तिथंच उभं ठेवलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, "मेजर साहेबांनी एकदाच सांगितलं. नियम असा ठेवा: एकदा सांगा. ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा, नीट, डोळ्यात बघून सांगा. तरीही ऐकलं नाही तर 'थांबा' म्हणा, आणि थांबा म्हटलं की खोलीतल्या कुणाचाही हात चालता कामा नये. पण मला सांगा, ज्याच्यावर एकदा खेकसलं गेलंय त्याला दुसऱ्यांदा बोलायला किती छाती लागते?"

मी खाली बसलो. माझ्यावर कुणी खेकसल्यावर मला एक शब्द फुटला नव्हता. तो नाईक सावधान उभा राहून, सगळ्यांसमोर, दुसऱ्यांदा बोलला होता.

त्या महिन्यात मी आठवड्याची सुट्टी घेऊन दौंडला आलो. आप्पा तेव्हा निवृत्त झालेले. सकाळी ओट्यावर बसून ते रेडिओ दुरुस्त करत होते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होतो, बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते ऐकत स्क्रू एका वाटीत ठेवत गेले.

मग म्हणाले, "इंजिनात आम्ही दोघं असायचो. मी आन् माझा असिस्टंट. सिग्नल दिसला की त्यानं मोठ्यानं म्हणायचं, मी परत म्हणायचं. हिरवा, तर हिरवा. लाल, तर लाल. मला दिसत असला तरी म्हणायचं. का?"

"चूक होऊ नये म्हणून."

"एकदा थंडीच्या दिवसात, धुकं असं की हात दिसंना," ते म्हणाले. "माझा असिस्टंट नवा. मी म्हणलं हिरवा, तो म्हणला लाल. माझी वीस वर्षं सर्विस, त्याची वीस दिवस. मी ब्रेक मारला. व्हता हिरवाच! गाडी लेट झाली, वर मला जाब द्यावा लागला. म्हणून काय त्याला मी शिव्या देणार? पुढच्या खेपेला तो तोंडच उघडणार न्हाई." त्यांनी रेडिओ बाजूला ठेवला. "तू त्या माणसाला शिव्या दिल्या ते एक येळ मी समजीन. रागात माणूस बोलतो. पण नंतर खुर्चीवर बसून आठवत न्हाई म्हणला, ते कसं म्हणला रे?"

आप्पा आत गेले. जेवायला बसलो तेव्हा त्यांनी आईला सांगितलं, "उद्या ह्याला लवकर उठव. शिरूरला जायचंय त्याला." मी त्यांना तसं काही म्हणालो नव्हतो.

तो नाईक कुठं आहे हे मला ऐकून माहीत होतं. पंधरा वर्षांची सेवा संपवून नाईक म्हणूनच घरी आला होता, आणि कारेगावला एका कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत नोकरीला होता. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे एसटीनं शिरूर, आणि तिथून जीपनं कारेगाव. कारखान्याच्या गेटवर मी नुसतं डॉक्टर म्हणून नाव सांगितलं. वॉचमननं आत सोडलं.

खोलीत एक बिहारी कामगार बोट कापून आला होता. तो त्याची जखम धूत होता. पाठ माझ्याकडं होती. केस बरेच पांढरे झाले होते. "पहले कभी सुई से तकलीफ हुआ? खुजली, चक्कर?" त्यानं विचारलं. कामगार म्हणाला, नहीं. त्यानं पट्टी बांधली, रजिस्टर ओढलं, आणि लिहायच्या आधी पुन्हा विचारलं, "याद करके बोलो. बचपन में भी नहीं?"

कामगार गेला. तो वळला, मला बघितलं आणि ताडकन उभा राहिला. चपलेच्याच पायानं टाचा जुळवल्या. "साहेब!"

"बसा," मी म्हणालो. माझ्या तोंडून 'बसा' निघालं ते त्याच्याही ध्यानात आलं असावं. तो बसला नाही.

शिफ्ट सुटल्यावर आम्ही हायवेलगतच्या टपरीवर गेलो. कामगारांच्या सायकली, घंटा, धूळ, त्यात आम्ही बाकावर. मी तयारी करून गेलो होतो, पण ते सगळं बाजूलाच राहिलं. एवढंच म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही दोनदा सांगितलं होतं. मला आठवत होतं. मी खोटं बोललो."

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "मला म्हायतीय साहेब. तुमाला आठवत व्हतं ते."

"तेव्हाच माहीत होतं?"

"तुमी उत्तर द्यायला येळ लावला ना. खरंच इसारल्याला माणूस पटकन बोलतो."

मी म्हणालो की मी वर लेखी कळवतो, चौकशीत मी खरं बोललो नाही असं सहीनिशी देतो. नोंद निघेल न निघेल, प्रयत्न करतो.

"कागदाचं बघा तुमाला जमंल तसं," तो म्हणाला. "मला आता त्याचा काय उपेग. येक काम करा. आमच्या आबांना सांगा."

आबा म्हणजे त्याचे वडील. तेही सैन्यातले, हवालदार होऊन सन्मानानं निवृत्त झालेले. पोराच्या सेवापुस्तकात लाल शाई पडली हे त्यांना गावातल्याच दुसऱ्या एका सैनिकाकडून कळलं होतं. तेव्हापासून घरात तो विषय निघत नाही. "गावात म्हणत्यात, ह्यानं सुईनं मानूस मारला. मेला न्हाई हो, पन म्हणत्यात. ते मी सोसलं. पन आबांना साखर हाय. रोज इन्शुलिन लागतंय. मी घरात हाय, साहेब. बावीस वर्सांचा सुईचा हात माझा. आन् आबा काठी टेकत गावातल्या कंपाउंडरकडं जात्यात. माझ्या हातनं घेत न्हाईत." हे सांगताना त्याचा आवाज चढला, पहिल्यांदाच. बाजूचे दोन कामगार वळून बघायला लागले. "तुमाला काय सांगायचं ते त्यांना सांगा. मला सांगून काय हुणार?"

रविवारी मी मांडवगणला गेलो. आजी लहानपणी सांगायची की माहेरी असताना ती या आळीतून पाटी घेऊन जायची, पण कुणाच्या उंबऱ्याच्या आत कधी गेली नव्हती. मी गेलो ते तिच्याच आठवणीनं जरा अडखळत. घर नवं, स्लॅबचं, पुढं पत्र्याची पडवी. आबा पडवीत खाटेवर बसले होते. मिशा पांढऱ्या, पण पीळ दिलेल्या. मुलगा खांबाला टेकून उभा.

"दौंडचे कुठले तुमी?" आबांनी विचारलं. मी गल्ली सांगितली. त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं, समजायचं ते समजले, आणि आत वळून सुनेला म्हणाले, "चहा टाक गं. साहेब आल्यात."

मी चहा येईपर्यंत थांबलो नाही. उभ्यानंच सांगितलं. रांग, गांधी, मी काय म्हणालो, तो परत कसा आला, कागदावर काय लिहिलं होतं, चौकशीत मी काय बोललो. आबा ऐकत होते. मग त्यांनी एकेक प्रश्न टाकला, चौकशीच्या टेबलामागं बसल्यासारखा.

"तवा तुमी कॅप्टन?"

"हो."

"आन् ह्यानं येकदा सांगितलं."

"दोनदा, आबा."

"दुसऱ्यांदा सावधान हुभं राहून?"

"हो."

"आन् तुमी इचारल्यावर म्हणला आठवत न्हाई."

"हो."

आबा उठले. मला वाटलं, आता हाकलून देतील. त्यांना तो हक्क होता. ते काठी न घेताच पडवीच्या टोकापर्यंत गेले, बाहेर बघत राहिले, आणि तिथूनच म्हणाले, "बारा वर्सं झाली, साहेब. ह्याची आई गेली त्यात. तिला वाटायचं, पोरानं काईतरी केलं आसंल. ती आसताना आला आसता तर."

सुनेनं चहा आणला. माझ्याकडं न बघता कपबशी ठेवली; तिनं आतून सगळं ऐकलं होतं. आबा परत येऊन बसले आणि चहाकडं बोट करून म्हणाले, "घ्या. गार हुईल." मी घेतला. मुलगा खांबापासून हलला नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. आबांनी त्याच्याकडं न बघता विचारलं, "तू मला सांगितलं का न्हाई रं, दोनदा बोलला म्हणून?"

"सांगितलं व्हतं, आबा," तो म्हणाला. "तुमी म्हणला, अधिकारी कशाला खोटं बोलंल."

मी निघालो तेव्हा आबांनी एका वहीचं पान फाडून पुढं केलं आणि हे सगळं लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं, खाली हुद्दा घालून सही केली. ते त्यांनी घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं. नंतर कळलं की पुढचे कित्येक दिवस ते पान चावडीसमोर, सोसायटीत, देवळाच्या ओट्यावर, जो भेटेल त्याला वाचून दाखवत होते.

नोकरीवर परतल्यावर मी वर लेखी कळवलं. माझ्या कमांडिंग ऑफिसरनी मला समोर बसवून विचारलं, हे आता का उकरतोस, माणूस निवृत्त झाला, प्रकरण बंद झालं, यातून तुझंच नुकसान आहे. मी म्हणालो, हो सर. अनेक महिन्यांनी उत्तर आलं: इतक्या काळानंतर नोंदीत बदल करणं शक्य नाही. मला मात्र लेखी नाराजी मिळाली, आणि पुढच्या बढतीच्या वेळी ती माझ्या आड आली. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर पुन्हा खोटं होईल. वाईट वाटलं. चार दिवस झोप नीट लागली नाही. फोनवर आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं. जेवण करतोस ना येळेवर?"

मांडवगणला आबांनी कंपाउंडरकडं जाणं लगेच सोडलं नाही. कंपाउंडर लग्नाला वगैरे बाहेरगावी गेला की मुलाच्या हातून घ्यायचे, एरवी आपले काठी टेकत जायचे. मुलगा फोनवर हसून म्हणाला, "सवय झालीय त्यांना. वाटेत चार माणसं भेटत्यात." पुढं पाय थकल्यावर मात्र घरीच घेऊ लागले.

दोन-तीन वर्षांनी मी सैन्यातून बाहेर पडलो आणि दौंडच्या एका खासगी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून काम सुरू केलं. पहिल्याच आठवड्यात सगळ्या स्टाफला बोलावून मी सांगितलं, काही खटकलं तर मला सांगायचं, मी ऐकलं नाही तर पुन्हा सांगायचं, आणि तरी ऐकलं नाही तर थांबा म्हणायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचे आठ-नऊ महिने कुणी एक अक्षर बोललं नाही. मीही मग रोज सकाळी थिएटरमध्ये विचारायला लागलो, काही सांगायचंय का? रोज उत्तर एकच: न्हाई सर.

एका सकाळी वरवंडच्या एका बाईचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन होतं. मी भुलीचं औषध सिरिंजमध्ये भरत होतो. फरशी पुसून बादली घेऊन निघालेल्या आयाबाई दारात थांबल्या. पन्नाशीच्या, कधी कुणाशी फार न बोलणाऱ्या. खाली बघत म्हणाल्या, "सर, ह्या बाईनं मगाशी चहा-बिस्कुट खाल्लंय. नणंद घिऊन आली व्हती."

भूल देण्याआधी पोट रिकामं असावं लागतं, नाहीतर बेशुद्धीत उलटी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते. मी स्वतः पेशंटला विचारलं होतं आणि तिनं सकाळपासून काही खाल्लं नाही असं सांगितलं होतं. केसपेपरवर तसं लिहून मी सही केली होती. शेजारी हात धुऊन तयार उभे असलेले सर्जन म्हणाले, "अहो, तिचं काय ऐकता? लिस्ट मोठी आहे आज." आणि खरं सांगतो, माझ्याही मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हिला काय कळतंय. इतकं सगळं होऊन गेल्यावरही पहिल्यांदा तेच आलं.

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. पेशंटच्या डोक्याशी जाऊन पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "जरासाच घेतला. भ्या वाटत व्हतं म्हून."

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. नातेवाईक चिडले, सर्जन दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. आयाबाईंना वाटलं की या सगळ्याला आपणच कारण झालो; त्या जिन्याखाली बसून रडत होत्या. मी तिथं गेलो, त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि म्हणालो, "मावशी, उद्या सकाळी माझ्याआधी तुम्ही तिला विचारा. तुम्हाला ती खरं सांगेल."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "विचारीन. पन उद्या मी इचारलं हे त्या सर्जनसाहेबांना सांगताना माझं नाव घिऊ नका."

मी म्हणालो, नाव घेऊनच सांगणार आहे. त्या जरा घाबरल्या, मग पदर खोचून उठल्या आणि बादली घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या.